फर्नेसचा फ्लू लायनर म्हणजे काय? तो कसा बसवतात आणि त्याची निगा कशी राखायची? संपूर्ण माहिती



अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या थंड भागात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये फर्नेस हा रोजच्या जगण्याचा भाग असतो. तळघरात किंवा एखाद्या छोट्या खोलीत ती ठेवलेली असते, थंडी पडली की आपोआप सुरू होते आणि घर ऊबदार ठेवते. फिल्टर बदलणं सोडलं तर तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण त्या फर्नेसमधून निघणारा धूर ज्या वाटेने बाहेर जातो, ती वाट नीट आहे की नाही हे फार थोडे लोक तपासून घेतात.

गावाकडच्या चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो. तो बाहेर गेला नाही तर लगेच कळतं. गॅसच्या फर्नेसचं तसं नाही. तिचा धूर दिसत नाही आणि त्याला बहुधा वासही नसतो. तो घरात परत शिरला तर पत्ता लागायच्या आत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणूनच चिमणीच्या आतलं अस्तर, म्हणजे फ्लू लायनर, ही घरातल्या सगळ्यांच्या जिवाशी निगडित गोष्ट आहे. आजच्या लेखात आपण हाच विषय सविस्तर पाहणार आहोत.

फ्लू म्हणजे नेमकं काय?

इथे फ्लू म्हणजे ताप-खोकल्याचा आजार नव्हे. फर्नेस, गरम पाण्याची टाकी म्हणजे वॉटर हीटर, किंवा फायरप्लेस यांच्यातून निघणारे जळके वायू ज्या पोकळ मार्गाने छपराबाहेर जातात, त्या मार्गाला फ्लू म्हणतात. बाहेरून दिसते ती विटांची चिमणी. तिच्या आतली पोकळी म्हणजे फ्लू. आणि त्या पोकळीच्या आतून बसवलेलं अस्तर म्हणजे लायनर. एकाच चिमणीत दोन-तीन फ्लू शेजारी शेजारी असू शकतात.

लायनरची कामं मुख्यतः तीन आहेत.

१. जळके वायू आणि त्यांची उष्णता विटांपर्यंत व घराच्या लाकडी सांगाड्यापर्यंत पोचू न देणं.
२. धुरातल्या आम्लयुक्त ओलाव्यापासून विटा आणि त्यांच्यामधल्या दरजा वाचवणं.
३. धुराला योग्य मापाचा मार्ग देणं, म्हणजे तो मध्येच थंड न होता वर चढून बाहेर पडतो.

यातलं तिसरं काम सर्वात महत्त्वाचं आहे आणि बहुतेकांना तेच माहीत नसतं.

धूर वर का चढतो?

गरम हवा हलकी असते, त्यामुळे ती वर जाते आणि तिच्या मागे खालची हवा ओढली जाते. या ओढीला ड्राफ्ट म्हणतात. जुन्या पद्धतीच्या फर्नेस आणि साधे वॉटर हीटर याच ओढीवर चालतात. धूर बाहेर ढकलण्यासाठी त्यांना पंखा नसतो.

चिमणी प्रमाणापेक्षा रुंद असेल, किंवा घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने थंडगार असेल, तर धूर वर जाता जाता गार होतो. ओढ कमी होते. मग धूर रेंगाळतो आणि उलट खोलीत येऊ लागतो. याला स्पिलेज म्हणतात.

दुसरा त्रास पाण्याचा. नैसर्गिक वायू जळला की त्यातून वाफ तयार होते. एक किलो मिथेन जळल्यावर सुमारे सव्वादोन किलो पाणी तयार होतं! धूर गरम असेपर्यंत ही वाफ त्याच्याबरोबर निघून जाते. पण तापमान साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की चिमणीला आतून घाम फुटतो. हे पाणी आम्लधर्मी असतं. ते दरजांमधला चुना-सिमेंट खातं, मातीच्या नळ्यांचे पापुद्रे पाडतं, आणि थंडीत गोठून विटा फोडतं. बाहेरून विटांवर पांढरा लोणा दिसू लागतो.

ही अडचण अलीकडे का वाढली?

जुन्या फर्नेस बरीच उष्णता चिमणीतून वाया घालवायच्या. इंधन जास्त जळायचं, पण त्या वाया जाणाऱ्या उष्णतेने चिमणी कोरडी राहायची. पुढे कार्यक्षमतेचे नियम आले. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानुसार १९९२ पासून नव्या फर्नेसची कार्यक्षमता किमान ७८ टक्के असणं बंधनकारक झालं. कॅनडात २००९ च्या अखेरीपासून नव्या गॅस फर्नेससाठी ही मर्यादा ९० टक्क्यांवर गेली. फर्नेस जितकी कार्यक्षम, तितका तिचा धूर थंड. त्यामुळे जुन्या फर्नेसला चालणारी चिमणी नव्या फर्नेसला चालेलच असं नाही.

ढोबळमानाने दोन प्रकार लक्षात ठेवा.

- सुमारे ८० टक्के कार्यक्षमतेची फर्नेस: हिचा धूर अजून गरम असतो. तो धातूच्या बी-व्हेंट पाइपमधून किंवा योग्य लायनर असलेल्या चिमणीतून वर जातो.
- ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेची कंडेन्सिंग फर्नेस: ही धुरातल्या वाफेचंही पाणी करून त्यातली उष्णता काढून घेते. उरलेला धूर पंख्याने ढकलून पीव्हीसी, सीपीव्हीसी किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाइपातून बाहेर सोडतात. हिला विटांची चिमणी लागत नाही, आणि हिचा धूर साध्या विटांच्या चिमणीत सोडायचाही नसतो. उलट बाजूने, ८० टक्केवाल्या फर्नेसला पीव्हीसी पाइप जोडणं धोक्याचं आहे, कारण गरम धुराने तो मऊ पडतो.

मागे राहिलेला वॉटर हीटर: सर्वात जास्त दुर्लक्षित धोका

समजा, एका घरात जुनी फर्नेस आणि वॉटर हीटर दोन्हींचा धूर एकाच चिमणीतून जात होता. मालकाने नवी ९५ टक्केवाली फर्नेस बसवली. तिचा पाइप भिंतीतून बाहेर काढला. आता त्या मोठ्या चिमणीत एकटा छोटा वॉटर हीटर उरला. त्याचा थोडासा धूर एवढी मोठी पोकळी गरम करू शकत नाही. ओढ बसत नाही, चिमणीत पाणी सुटतं आणि धूर तळघरात सांडू लागतो. अमेरिकेतले कारागीर अशा हीटरला 'ऑर्फन', म्हणजे पोरका वॉटर हीटर म्हणतात.

मापाचा एक सोपा हिशेब पाहू. अमेरिकेच्या नॅशनल फ्युएल गॅस कोडमध्ये, म्हणजे एनएफपीए ५४ मध्ये, ड्राफ्ट हूड असलेल्या एकट्या उपकरणासाठी एक मर्यादा दिली आहे. फ्लूचं क्षेत्रफळ हूडच्या तोंडाच्या सातपटीपेक्षा जास्त नसावं. वॉटर हीटरचा हूड ३ इंच व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस इंच. सातपट म्हणजे ४९ ते ५० चौरस इंच. चिमणीतली मातीची नळी आतून ७ बाय ११ इंच असेल तर ती ७७ चौरस इंच झाली. म्हणजे चिमणी वापरण्याजोगी नाही, आत लहान व्यासाचा लायनर टाकावाच लागेल.

हा हिशेब फक्त प्रश्न विचारण्यापुरता. खरं माप उंची, आडव्या पाइपाची लांबी, बीटीयू आणि चिमणी घराच्या आत आहे की बाहेर यावर ठरतं. त्यासाठी कोडमध्ये तक्ते दिलेले आहेत. पंखा असलेल्या फर्नेससाठी तर तक्तेच वापरावे लागतात.

लायनरचे प्रकार

१. मातीच्या नळ्या: चिमणी बांधतानाच गवंडी या भाजलेल्या मातीच्या नळ्या एकावर एक रचतो. टिकाऊ असतात, पण अचानक तापल्या तर तडकतात आणि सांधे उघडतात. बऱ्याच जुन्या घरांत तर हेही अस्तर नसतं, नुसत्या विटा असतात.

२. अॅल्युमिनियम: स्वस्त आणि हलका. फक्त ड्राफ्टवर चालणाऱ्या किंवा ८० टक्केवाल्या गॅस उपकरणांसाठी. तेल, लाकूड, कोळसा यांना अजिबात चालत नाही.

३. स्टेनलेस स्टील: सर्वात जास्त वापरला जातो. लवचिक आणि सरळ असे दोन प्रकार मिळतात. ३१६ जातीचं स्टील तेल व लाकडाच्या धुराला टिकतं. एएल २९-४सी नावाचं खास स्टील क्लोराइडमुळे होणाऱ्या गंजाला जास्त दाद देत नाही, म्हणून ते ओलसर गॅस धुरासाठी वापरतात.

४. ओतीव लायनर: चिमणीत सिमेंटसारखं उष्णतारोधक मिश्रण ओतून गुळगुळीत नळी तयार करतात. कमकुवत चिमणीला यामुळे बळकटीही येते.

धातूच्या लायनरवर यूएल १७७७ या मानकाची नोंद आहे का ते बघा. आणि तो तुमच्याच इंधनासाठी प्रमाणित आहे का हेही विचारा.

लायनर कसा बसवतात?

हे काम स्वतः करायचं नाही. छपरावर चढण्याचा धोका तर आहेच, पण मापात झालेली चूक डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचं परमिटही लागतं. तरी कामाचे टप्पे माहीत असले तर कारागिराने काही सोडलं का ते तुम्हाला कळेल.

- तपासणी: चिमणीत कॅमेरा सोडून तडे, अडथळे आणि वळणं पाहतात. एनएफपीए २११ मध्ये तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. पहिली नेहमीची वार्षिक. दुसरी कॅमेऱ्यासह, म्हणजे उपकरण बदलताना, घर विकताना किंवा आग-भूकंपानंतर करायची. तिसरीत संशय असलेला भाग उघडून पाहतात.
- सफाई: काजळी, पक्ष्यांची घरटी, पडलेले तुकडे काढतात. तेलावरून गॅसवर येताना ही पायरी कधीच सोडू नका. तेलाची जुनी काजळी गॅसच्या ओलसर धुराने सुटून खाली पडते आणि मार्ग बुजवते.
- माप ठरवणं: तक्त्यांवरून व्यास काढतात. 'हाच साइज गाडीत आहे' हे उत्तर चालणार नाही.
- लायनर सोडणं: छपरावरून लायनर खाली सोडतात, खालून दोरीने ओढून घेतात. शक्यतो मध्ये सांधा नसलेली एकच नळी असावी.
- खालची जोडणी: खाली टी-आकाराचा तुकडा बसतो. त्याच्या आडव्या तोंडाला फर्नेस व हीटरचे पाइप जोडतात. बूड झाकणाने बंद करतात.
- वरची जोडणी: चिमणीच्या तोंडावर धातूची पट्टी, कॉलर आणि पावसाची टोपी बसवून फटी बंद करतात.
- उष्णतारोधक आवरण: बाहेरच्या थंड चिमणीत, किंवा चिमणीजवळ लाकूड असेल तर लायनरभोवती आवरण घालतात.
- लेबल: हा लायनर कोणत्या इंधनासाठी आहे, याची कायमची पट्टी जवळ लावतात. पुढच्या मालकाने त्याला लाकडाची शेगडी जोडू नये म्हणून ही महत्त्वाची.

फर्नेसपासून चिमणीपर्यंतचा आडवा पाइप दर फुटाला किमान पाव इंच चढता हवा. त्याचे सांधे स्क्रूने घट्ट केलेले असावेत. आणि लाकडाच्या फायरप्लेसच्या फ्लूमध्ये गॅस फर्नेसचा धूर सोडायचा नसतो.

काम झाल्यावर ही चाचणी करून घ्या

घराची दारं-खिडक्या बंद करा. स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन, कपडे वाळवायचं मशीन सगळं सुरू करा. मग वॉटर हीटर व फर्नेस चालू करा. बर्नर पाच मिनिटं चालल्यावर कारागीर ड्राफ्ट हूडच्या कडेला धूर धरून बघतो. उदबत्तीचा धूरही चालतो. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर उपकरण ताबडतोब बंद करायचं आणि कारण सापडेपर्यंत सुरू करायचं नाही. आसपास गॅसचा वास येत असेल तर मात्र काहीही पेटवू नका. आधी घराबाहेर पडा.

हवेचाही हिशेब आहे. जळायला हवा लागते. नेहमीच्या नियमाने दर १,००० बीटीयूमागे ५० घनफूट जागा हवी. ८०,००० ची फर्नेस आणि ४०,००० चा हीटर मिळून १,२०,००० बीटीयू झाले, म्हणजे ६,००० घनफूट. छत ८ फुटांचं असेल तर ७५० चौरस फूट मोकळी जागा. तळघरात भिंती घालून देवघर किंवा पाहुण्यांची खोली केली आणि फर्नेस एका कोंडलेल्या कपाटात अडकली, तर हे गणित बिघडतं. मग जाळीच्या झडपा किंवा बाहेरून हवेची सोय करावी लागते.

वर्षभराची निगा

- दरवर्षी थंडीआधी, म्हणजे गणपती-नवरात्राच्या सुमारास, फर्नेस आणि चिमणी दोन्हींची तपासणी करून घ्या. फर्नेसवाला बहुतेकदा चिमणीच्या आत बघत नाही, म्हणून दोन्हींसाठी स्पष्ट विचारा.
- तेलावर चालणारी फर्नेस असेल तर दरवर्षी सफाई हवीच.
- चिमणीची टोपी जागेवर आहे का, हे वादळानंतर खालूनच बघा.
- ब्लीच, रंग काढायची रसायनं, कपडे धुण्याची क्लोरीनयुक्त पावडर फर्नेसजवळ ठेवू नका. त्यांची वाफ आगीत गेली की तीव्र आम्ल तयार होतं आणि लायनर गंजतो.
- कंडेन्सिंग फर्नेसचे बाहेरचे पाइप बर्फाने झाकले गेले तर बर्फ लगेच बाजूला करा.

ही लक्षणं दिसली तर थांबा

- ड्राफ्ट हूडवर किंवा पाइपांवर गंज, पांढरी पूड, पाण्याचे ओघळ
- चिमणीच्या विटांना लोणा, छताजवळ ओल किंवा डाग
- चिमणीच्या तळाच्या दारात नळ्यांचे तुकडे
- हीटर चालू असताना खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त बाष्प
- निळ्याऐवजी पिवळी, थरथरती ज्योत
- घरात असताना डोकं दुखणं, मळमळ, चक्कर. आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं

शेवटचं लक्षण सर्वात गंभीर. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनुसार तिथे आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेने दरवर्षी ४०० हून अधिक लोक दगावतात. लक्षणं सर्दी-तापासारखी असतात, फक्त ताप नसतो. भारतातून आलेले आई-बाबा दिवसभर घरातच असतात. 'इथली हवा मानवत नाही' म्हणून ते गप्प बसले, तर धोका त्यांनाच सर्वात आधी.

सीओ अलार्म असेल तर लायनर कशाला?

अलार्म हवाच. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ एक हवा. पण तो शेवटचा पहारेकरी आहे. यूएल २०३४ मानकानुसार अलार्म ७० पीपीएमला एक ते चार तासांत, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजतो. म्हणजे कमी प्रमाणातला वायू तासन् तास राहिला तरी तो लगेच ओरडेलच असं नाही. प्रकारानुसार ५ ते १० वर्षांनी तो बदलावा लागतो; मागे तारीख छापलेली असते.

अलार्म वाजला तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. खिडक्या उघडत बसू नका, सामान गोळा करत बसू नका.

महाराष्ट्रातल्या घरांना याचा काय उपयोग?

आपल्याकडे फर्नेस नाही, पण बाथरूममधला गॅस गीझर आहे. तत्त्व तेच. धूर बाहेर नेणारा पाइप नसलेला गीझर बंद बाथरूममध्ये चालवला, तर जळके वायू तिथेच कोंडतात. वैद्यकीय लेखनात याला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावच पडलं आहे. म्हणून गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवा. ते जमत नसेल तर आधी बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. एकापाठोपाठ एक सगळ्यांनी आंघोळी करणं टाळा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गॅसला वास असतो ना, मग कळणार नाही का?
तो वास गळती कळावी म्हणून मिसळलेला असतो. गॅस जळला की तोही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

माझी फर्नेस नवी आहे, तरी चिमणी तपासायची?
हो. उलट नवी बसवल्यावरच आधी तपासायची. वॉटर हीटर अजून जुन्याच चिमणीत असेल तर नक्कीच.

लायनरऐवजी दुसरा पर्याय आहे का?
आहे. वॉटर हीटर विजेवरचा किंवा थेट भिंतीतून धूर सोडणारा घेतला तर चिमणीची गरजच उरत नाही. लायनरचा खर्च आणि नव्या हीटरचा खर्च दोन्ही लेखी मागवून तुलना करा.

कोटेशन घेताना काय विचारायचं?
कोणतं स्टील, व्यास कोणत्या तक्त्यावरून काढला, आवरण आहे का, परमिट कोण काढणार, कॅमेऱ्याची चित्रफीत देणार का, आणि शेवटी ड्राफ्टची चाचणी करणार का. एवढे सहा प्रश्न पुरेत.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणी अमेरिकेत किंवा कॅनडात जुनं घर घेत असेल, किंवा नुकतीच फर्नेस बदलली असेल, तर त्यांना ही माहिती नक्की पाठवा. आणि आजच तळघरात जाऊन एक गोष्ट पाहा: तुमच्या वॉटर हीटरचा पाइप नेमका कुठे जातो?